आनंद देणाऱ्यांचं देणं

(कोल्हापुरात एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी कोण कुठवर खेळलं, हे या सभागृहातल्या अनेकांना तोंडपाठ आहे. सरांना आणखी एक यादी पाठ होती. चांगली खेळत असताना मध्येच सुटलेल्या मुलांची. कुणी दारूत अडकलं, कुणाचा गुडघा गेला आणि त्यापाठोपाठ मनही गेलं, कुणी वडील वारल्यावर मैदानाकडे फिरकलंच नाही. त्या मुलांचा विषय निघाला की सर आधी त्यांचा खेळ सांगत आणि मग विचारत, ‘हल्ली कुठं असतो तो?’ आजचा विषय मी त्या दुसऱ्या यादीवरून घेतला आहे.

अशा खेळाडूंची आठवण काढण्याची चाहत्यांची एक ठरलेली रीत आहे आणि ती रिओपासून बेलफास्टपर्यंत, तिथून आपल्या पेठेतल्या कट्ट्यापर्यंत सारखीच आहे. ‘काय खेळायचा गडी! पण वाया गेला.’ पहिलं वाक्य बोलताना डोळे चमकतात, दुसरं बोलताना मान हलते. पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल मला बोलायचं आहे. त्यात मांडलेला हिशेब आपला असतो. आणखी पाच वर्षं बघायला मिळालं असतं, आणखी एक विश्वचषक मिळाला असता, ते आपल्याला मिळालं नाही. हा हिशेब उलट बाजूने मांडायला हवा, असं माझं म्हणणं आहे. या माणसांनी आपल्याला काय दिलं, ते देत असताना त्यांच्याकडून काय काय घेतलं गेलं आणि त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं, या तिन्ही गोष्टी एकत्र आठवणं ही चाहत्याची जबाबदारी आहे. यातली एक आठवून बाकीच्या सोडून दिल्या, की आठवण खोटी होते.

मी मुख्यतः एका माणसाबद्दल बोलणार आहे. मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस हे त्याचं कागदावरचं नाव. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा. गाव पाउ ग्रांदे, रिओ राज्यातलं, एका कापडगिरणीच्या आधाराने उभं राहिलेलं. लहानखुऱ्या चणीच्या या मुलाला बहिणीने एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव दिलं आणि तेच जगभर झालं : गारिंचा. त्याचा एक पाय आत वळलेला होता, दुसरा बाहेर, आणि दोन्हींच्या लांबीत काही सेंटिमीटरचा फरक होता. पुढे तो गिरणीत कामाला लागला. कामात त्याचं लक्ष नसे, पण गिरणीच्या संघाला तो हवा होता, म्हणून नोकरी टिकली. गिरणगाव आणि खेळ यांचं नातं महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

१९५३ साली तो रिओच्या बोटाफोगो क्लबमध्ये आला. चाचणीच्या दिवशी त्याच्यासमोर ब्राझीलचा नामवंत बॅक निल्तन सान्तोस उभा होता. गारिंचाने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला, आणि सराव संपल्यावर निल्तन सान्तोसनेच ‘याला आपल्याकडे घ्या’ असं सांगितलं, ही कथा बोटाफोगोचे चाहते आजही सांगतात.

त्याचं ड्रिबल कसं होतं, हे जरा सावकाश बघू या, कारण सगळं इथून सुरू होतं. उजव्या टचलाइनपाशी तो चेंडू घेऊन यायचा आणि थांबायचा. चेंडू पायाशी स्थिर, हात सैल सोडलेले, समोर बॅक. बॅकला माहीत असे की हा उजवीकडूनच जाणार. प्रेक्षकांना माहीत असे, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रशिक्षकाने तर आदल्या दिवशी तेच घोकून घेतलेलं असे. गारिंचा कमरेपासून डावीकडे झुकायचा. चेंडू तिथेच. बॅकचा तोल मात्र त्या दिशेला गेलेला. बॅक सावरायचा, गारिंचाही परत सरळ. पुन्हा एकदा तसंच, चेंडूला स्पर्श न करता. आणि मग कधीतरी, बॅकचं वजन ज्या पायावर नको त्या पायावर आलं की चेंडू घेऊन तो उजवीकडून निघून जायचा. एवढं एकच त्याच्याकडे होतं, आणि ते वर्षानुवर्षं कुणाला अडवता आलं नाही. काही वेळा तर पुढे गेल्यावर तो थांबायचा, बॅकला येऊ द्यायचा आणि पुन्हा तेच करायचा. मेक्सिकोतल्या एका सामन्यात प्रेक्षकांनी बैलझुंजीतला ‘ओले’ हा गजर त्याच्या प्रत्येक हुलकावणीला दिला, आणि फुटबॉलच्या मैदानावर तो गजर तिथून रुजला, असं सांगतात.

१९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत त्याला खेळवलं नाही. संघाबरोबर गेलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीत तर तो नापासच झाला होता. तिसरा सामना १५ जूनला, योटेबोरीत, सोव्हिएत संघाविरुद्ध. त्या दिवशी गारिंचा आणि सतरा वर्षांचा पेले, दोघंही विश्वचषकात पहिल्यांदाच उतरले. पहिल्याच मिनिटाला गारिंचा उजवीकडून आत शिरला आणि त्याचा फटका खांबाला लागला. लगेच पेलेचा फटकाही गोलपोस्टला लागला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं असं त्यांना म्हणतात. अंतिम सामन्यात स्वीडनने पहिला गोल केल्यावर ब्राझीलचे पुढचे दोन्ही गोल गारिंचाने उजवीकडून दिलेल्या पासवर वावाने केले. ब्राझीलचा हा पहिला विश्वचषक. पेले आणि गारिंचा दोघंही मैदानात असताना ब्राझील एकदाही हरलं नाही.

चार वर्षांनी चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. पुढचा भार गारिंचाने उचलला. इंग्लंडविरुद्ध त्याने दोन गोल केले, त्यातला एक डोक्याने, आणि त्याची उंची होती १ मीटर ६९ सेंटिमीटर. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन. ब्राझीलने सलग दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. त्याच डिसेंबरात माराकाना स्टेडियमवर बोटाफोगोने फ्लामेंगोला ३-० असं हरवून रिओचं विजेतेपद घेतलं, त्यातही त्याचे दोन गोल होते. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, आणि त्याच्या खेळाचं शिखर तिथेच संपलं.

हे का घडलं? चाहत्यांचं ठरलेलं उत्तर आहे, ‘दारू आणि बायका.’ हे उत्तर अपुरं आहे. गारिंचाचे वडीलही दारूचे व्यसनी होते. त्या भागात उसाच्या दारूत मध-दालचिनी घालून ती लहान मुलांनाही औषध म्हणून पाजत, असं त्याचे चरित्रकार रुय कास्त्रो यांनी नोंदवलं आहे. म्हणजे चेंडूच्याही आधी दारू त्याच्या आयुष्यात आली होती. पेलेशी त्याची तुलना करून ‘तोही गरिबीतूनच आला, तो नाही बिघडला’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पेलेचे वडील स्वतः फुटबॉलपटू होते. खेळाडूने काय जपायचं, हे सांगणारं कुणीतरी त्याच्या घरात होतं.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. वाकड्या पायांवर हजारो वेळा तोल बदलणाऱ्या माणसाचे सांधे झिजणारच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दुखणं बळावलं. पण बोटाफोगो परदेशात सामने खेळायचा तेव्हा त्याला जाहिरात गारिंचाच्या नावाची करावी लागे, आणि नाव जाहीर केलं की माणूस उतरवावा लागे. इंजेक्शनं घेऊन तो उतरत राहिला. शस्त्रक्रिया झाली ती १९६४ साली, तोवर उशीर झाला होता. ज्या विंगरचा सगळा खेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकण्यात होता, त्याचा तो पायच राहिला नाही. १९६६ च्या इंग्लंडमधल्या विश्वचषकात त्याने बल्गेरियाविरुद्ध फ्री किकवर गोल केला, आणि तीन दिवसांनी हंगेरीविरुद्ध ब्राझील १-३ असं हरलं. देशासाठी खेळलेल्या ५० सामन्यांत त्याचा तो एकमेव पराभव आणि अखेरचा सामना.

आता मी त्याच्या घराकडे येतो. आपण चाहते इथे सहसा जात नाही. त्याची पहिली पत्नी नाइर गिरणीगावातलीच होती, आणि तिच्या पदरात आठ मुली होत्या. त्या घराला सोडून तो गायिका एल्झा सोआरेस हिच्याबरोबर राहू लागला. संपूर्ण ब्राझीलने दोष दिला तो एल्झाला. तिला धमक्या आल्या, तिच्या घरावर हल्ले झाले, चाहत्यांनी तिला ‘आमचा गारिंचा बिघडवणारी’ ठरवलं. खरं तर त्याची दारू सुटावी म्हणून तिने जंग जंग पछाडलं. १९६९ साली तो पिऊन गाडी चालवत असताना अपघात झाला आणि एल्झाची आई त्यात गेली. तरी ती त्याच्यासोबत राहिली. पुढे त्याने तिच्यावर हात उचलला, आणि १९७७ मध्ये ती बाहेर पडली. दोघांचा मुलगा पुढे नऊ वर्षांचा असताना मोटार अपघातात गेला. या बाईने ऐंशी ओलांडल्यावर, २०१५ साली काढलेल्या अल्बमात घरातल्या मारहाणीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या स्त्रीचं गाणं गायलं. गारिंचाचे गोल पाठ असलेल्या प्रत्येकाला एल्झाचं हे आयुष्यही माहीत असावं, असं मला वाटतं. ज्याला आपण ‘मैदानाबाहेरचं’ म्हणतो, ते या स्त्रियांच्या आणि मुलांच्या घराच्या आतलं असतं.

डिसेंबर १९७३ मध्ये माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला, एक लाखावर लोक आले. १९८० च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेरा या प्रसिद्ध सांबा पथकाने त्याला चित्ररथावर बसवून मिरवलं. ते दृश्य बघणारे हादरले. औषधांनी जड झालेला, सुजलेला माणूस चित्ररथावर बसला आहे, भोवती वाद्यं आणि नाच चालला आहे, आणि तो कुठे आहे हे त्यालाच उमगत नाही. सन्मान करायचा म्हणून बसवलं होतं, यात शंका नाही. पण त्या दिवशी त्याला दवाखान्याची गरज होती आणि आपण चाहत्यांनी त्याला मिरवणूक दिली.

२० जानेवारी १९८३ ला यकृताच्या आजाराने तो गेला, वय ४९. पार्थिव माराकानात ठेवलं गेलं, तिथून पाउ ग्रांदेच्या बाजूला अंत्ययात्रा निघाली आणि लोकांचा पूर लोटला. थडग्यावर ‘जनतेचा आनंद’ अशा अर्थाचे शब्द कोरले. २०१७ साली बातमी आली की त्या स्मशानभूमीत त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत, हे आता खात्रीने सांगता येत नाही. ब्राझीलच्या राजधानीतल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. नाव मोठं राहिलं, माणूस हरवला.

आता बेलफास्ट. जॉर्ज बेस्ट, जन्म १९४६, क्रेगा वसाहतीतल्या कामगार कुटुंबातला. त्याला शोधणाऱ्या बॉब बिशप यांनी मँचेस्टर युनायटेडला तार केली की मला एक अलौकिक प्रतिभेचा मुलगा सापडला आहे. सतराव्या वर्षी पहिला सामना. मार्च १९६६ मध्ये बेनफिकाच्या घरच्या मैदानावर, लिस्बनमध्ये युनायटेडने ५-१ असा विजय मिळवला, त्यात पहिल्या बारा मिनिटांत बेस्टचे दोन गोल होते. १९६८ मध्ये युरोपियन चषक आणि त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू हा मान, वय २२. युनायटेडकडून ४७० सामने, १७९ गोल. आणि जानेवारी १९७४ मध्ये, २७ व्या वर्षी, युनायटेडमधली त्याची कारकीर्द संपली.

बेस्टच्या बाबतीत चाहत्यांनी एक वेगळी गोष्ट केली. आपण हसलो. हॉटेलच्या खोलीत जुगारात जिंकलेल्या नोटा पसरलेल्या आहेत, सोबत विश्वसुंदरी आहे, आणि शॅम्पेन घेऊन आलेला नोकर कळवळून विचारतो की सगळं बिघडलं कुठे, हा किस्सा बेस्ट स्वतःच रंगवून सांगायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. आजारी माणसाने स्वतःच्या आजाराचा विनोद केला, म्हणजे तो आजारी नाही, असं समजणं सोयीचं होतं. त्याची आई आयुष्याच्या उत्तरार्धात दारूच्या आहारी गेली आणि १९७८ साली गेली. हे समोर असूनही बेस्ट दिसला की त्याला पाजायला लोक पुढे यायचे, आणि ‘मी बेस्टबरोबर प्यालो’ हे अभिमानाने सांगायचे. २००२ मध्ये त्याचं यकृत बदललं. तो पुन्हा पिऊ लागला तेव्हा तेच लोक चिडले. नोव्हेंबर २००५ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, त्याने रुग्णालयातल्या खाटेवरचं आपलं छायाचित्र वर्तमानपत्रात छापू दिलं, सोबत विनंती होती की माझ्यासारखं मरू नका. २५ नोव्हेंबरला तो गेला, वय ५९.

बेलफास्टमध्ये ३ डिसेंबरला पावसात अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या रक्तपाताने दशकानुदशकं दुभंगलेलं ते शहर. त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं एकाच रस्त्यावर एकाच माणसासाठी उभी राहिली. पुढच्या वर्षी शहरातल्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं. हे मी मुद्दाम सांगतो. सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या क्लबमधून बाहेर पडलेला माणूस ‘वाया गेला’ म्हणायचं असेल, तर त्या रस्त्यावर जे एकत्र आले ते कशासाठी आले होते, हेही सांगावं लागेल.

इंग्लंडच्या पॉल गॅस्कॉइनचं दुःख आणखी वेगळं. १९९० साली तुरिनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पिवळं कार्ड मिळालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या क्षणापासून तो सगळ्या देशाचा झाला. त्याची दारू, त्याचं ढासळणं वर्तमानपत्रांना रोज हवं होतं. आपले फोन कुणीतरी ऐकतंय, असं तो सांगायचा तेव्हा तो भ्रम समजला जायचा. २०१५ साली लंडनच्या न्यायालयात सिद्ध झालं की फोन खरोखरच ऐकले जात होते, आणि मिरर वृत्तपत्रसमूहाने त्याला १ लाख ८८ हजार २५० पौंड भरपाई द्यावी असा आदेश झाला. ती वर्तमानपत्रं चाहतेच विकत घेत होते. आणि याच गॅस्कॉइनने पत्नीवर हात उचलला होता, हेही त्याने कबूल केलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकायची नाही.

आणखी एका खेळाडूचं नाव इथे फार थोड्यांनी ऐकलं असेल. रॉबिन फ्रायडे. सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या खालच्या विभागात रेडिंग क्लबकडून तो खेळला. अंमली पदार्थ, दारू, मारामाऱ्या. पंचविसाव्या वर्षी खेळ सोडला, १९९० मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. ३१ मार्च १९७६ ला ट्रॅनमियरविरुद्ध त्याने एक गोल केला. गोलकडे पाठ असताना चेंडू छातीवर घेतला आणि वळता वळता लांबून मारला. त्या सामन्याचे पंच क्लाइव्ह थॉमस मोठमोठे सामने केलेले, त्यांनीही या गोलाची वाखाणणी केली. पण त्या गोलाची कुठलीही चित्रफीत नाही. तो जिवंत आहे तो बघणाऱ्यांच्या सांगण्यात. आणि १९९९ मध्ये रेडिंगच्या चाहत्यांनी सहस्रकातला आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं. जे कुठेच नोंदलेलं नाही ते टिकवण्याची ताकद चाहत्यांमध्ये आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मग ही ताकद ‘वाया गेला’ म्हणण्यात का खर्च करायची?

ब्राझीलच्या आद्रियानोचं तर नाव आत्ताच्या पोरांनाही ठाऊक आहे. रिओतल्या विला क्रुझेरो या गरीब वस्तीतून तो इटलीच्या इंटर मिलानपर्यंत पोचला. डाव्या पायाची ताकद अशी की लोकांनी त्याला ‘सम्राट’ म्हटलं. जुलै २००४ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याने बरोबरी साधली, आणि ब्राझीलने पेनल्टीवर चषक नेला. काही दिवसांतच त्याचे वडील वारले. इंटरचा कर्णधार हाविएर सानेत्ती याने पुढे सांगितलं, की फोनवर ती बातमी ऐकून हा मुलगा ओरडला आणि त्यानंतर पूर्वीचा राहिला नाही. नैराश्य आलं, दारू आली. शेवटी तो आपल्या वस्तीतल्या माणसांकडे परत गेला. युरोपने याला अपयश म्हटलं. बापाच्या मरणाने खचलेल्या विशीतल्या मुलाने आपल्या माणसांत जाणं, हे अपयश आहे का, याचा विचार करा. आणि तरीही २००९ मध्ये फ्लामेंगोला ब्राझीलचं विजेतेपद मिळालं तेव्हा स्पर्धेत गोल करणाऱ्यांत तो संयुक्तपणे अव्वल होता.

एव्हाना तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात एक मराठी नाव आलं असेल, आणि ते क्रिकेटमधलं आहे. विनोद कांबळी. १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतकं, १७ कसोटींत ५४ च्या वर सरासरी, आणि शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. प्रत्येक चहाच्या टपरीवर शाळेतल्या सोबत्याशी त्याची तुलना झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात तो दिसला, आजारी, थकलेला. त्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या, त्यांवर शेरे पडले. आपल्यातल्याच माणसांनी ते शेरे लिहिले. वानखेडेवरच्या २२४ धावा ज्यांनी पाहिल्या, त्यांनी त्या दिवशी त्या खेळीबद्दल चार ओळी लिहायला हव्या होत्या.

यावर एक रास्त आक्षेप येतो. म्हणजे काय, सगळं माफ? गुणवत्ता असेल तर बायकोला मारलेलं चालेल, पिऊन गाडी चालवलेली चालेल? मुळीच नाही. मी माफीची मागणी करत नाही, पूर्ण आठवणीची करतो. व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाच्या हातूनही अन्याय होतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव आठवणीतून वगळायचं नाही, आणि ज्याच्या हातून झाला त्याचा खेळही नाकारायचा नाही. आपण मात्र नेमकं उलट करतो. खेळाडू वर असताना त्याच्या घरातलं रडणं आपल्याला ऐकू येत नाही, आणि तो पडला की त्याने दिलेला आनंद आपण विसरतो.

कोल्हापुरात मी हे का बोलतोय? कारण हे शहर फुटबॉल जगतं. विश्वचषक आला की गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव देशाकडून खेळला, तेव्हा इथल्या प्रत्येक घराला आपलाच मुलगा खेळतोय असं वाटलं. जिथे एवढं प्रेम आहे तिथे एखाद्या मुलाला डोक्यावर घ्यायला वेळ लागत नाही. डोक्यावर घेतलेल्या मुलाला खाली उतरवून घरी नीट पोचवणं, हे त्याच प्रेमाचं काम आहे.

म्हणून तालमींच्या कार्यकर्त्यांना आणि समर्थकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, गुडघा दुखावलेल्या मुलाला ईर्ष्येच्या सामन्यासाठी इंजेक्शन देऊन उतरवू नका. त्याची शस्त्रक्रिया आणि नंतरचं वर्षभराचं उपचारांचं पथ्य, याचा खर्च मंडळाने आधीच बाजूला काढून ठेवावा. डोक्यावर घेण्याच्या रात्री जो खर्च होतो, त्यातून हे सहज जमेल. दुसरी, जिंकल्याच्या आनंदात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देऊ नका. बेस्टला पाजणारे त्याचे शत्रू नव्हते, चाहतेच होते. तिसरी, ज्येष्ठ समर्थकांनी आपल्या पेठेतल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. कोण कसा खेळायचा, कुठला गोल, कुठल्या सामन्यात. त्यांचं पुढे काय झालं, तेही लिहा, आणि त्यांच्या आईला, बायकोला, मुलांना विचारून लिहा. रॉबिन फ्रायडेचा गोल रेडिंगच्या चाहत्यांनी जपला. आपल्या गल्लीतल्या खेळाडूंचे कित्येक गोल बघणाऱ्या माणसांबरोबर संपत चालले आहेत.

आणि एक शेवटचं, इथे बसलेल्या तरुण समर्थकांसाठी. तुमच्या संघातला एखादा मुलगा सरावाला यायचा बंद झाला, तर तो कसा खेळायचा यावर कट्ट्यावर चर्चा करण्याआधी त्याच्या घरी जा. कदाचित त्याला काही सांगायचं नसेल, कदाचित दार लवकर उघडणार नाही. आठवड्याने पुन्हा जा. संघात परत ये म्हणायला जाऊ नका, तो परत येईलच असं नाही आणि यावंच असंही नाही. त्याने तुम्हाला जो आनंद दिला तो आधीच दिलेला आहे, तो त्याने परत मागितलेला नाही. तुमच्याकडून त्याला एवढंच मिळायला हवं, की खेळ सुटला तरी माणसं सुटलेली नाहीत.